परदेशी मसाल्याचा पहिला कंटेनर मागवताना

गोडा मसाल्याचा डबा घ्या. त्यातली लवंग मादागास्करची किंवा श्रीलंकेची असू शकते, दालचिनी म्हणून पडलेली साल व्हिएतनामची, चक्रीफूल तिथलंच नाहीतर चीनचं, खसखस तुर्कस्तानची. फोडणीतला हिंग तर अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाचं रोप लावलं गेलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. तोवर आपल्याकडे त्याची अशी शेतीच नव्हती.

घरगुती मसाल्याचा धंदा जरा मोठा झाला, की वाशीच्या मसाला बाजारातून गोणी-गोणी उचलण्यापेक्षा थेट परदेशातून कंटेनर मागवावा, असं वाटायला लागतं. तसं वाटणाऱ्यांसाठी हा लेख. ड्युटी आणि डॉलरचं गणित तुमचा सीए आणि कस्टम हाउस एजंट सांगेल. मी फक्त अन्नसुरक्षेबद्दल लिहितोय, आणि तेही न्हावा-शेवाहून माल येणार असं धरून.

एक गोष्ट आधीच पक्की करा. माल पास होणार की नापास, हे तो बोटीत चढतानाच ठरलेलं असतं. बंदरात फक्त निकाल लागतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग बोट सुटण्याआधीच्या कामांचा आहे.

कागद आधी, ऑर्डर नंतर

दोन गोष्टींशिवाय सुरुवातच नाही. पहिली, डीजीएफटीकडून, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा ओळख नंबर. तो एकदाच काढायचा असला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती अद्ययावत करावी लागते. काही बदल नसला तरी. ते राहिलं तर नंबर निष्क्रिय होतो आणि हे लक्षात येतं तेव्हा माल समुद्रात असतो. दुसरी, एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना, 'आयातदार' या प्रकारात. तुमच्याकडे मसाला दळण्याचा राज्य परवाना असेल तर तो इथे चालत नाही. आणि आणलेला माल तुम्हीच पाकिटात भरून विकणार असाल, तर त्या कामाचा परवाना पुन्हा वेगळा.

मग मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरणातला क्रमांक. मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, चक्रीफूल हे सगळे नवव्या प्रकरणात सापडतात. खसखस मात्र तेलबियांत, १२०७ मध्ये, आणि हिंग डिंक-राळेच्या घरात, १३०१ मध्ये. नवखा माणूस सगळं 'मसाले' म्हणून एकाच ठिकाणी शोधत बसतो.

दोन जिन्नस पहिल्या खेपेला टाळावेत असं माझं मत आहे. मिरीवर डिसेंबर २०१७ पासून किलोला ५०० रुपये सीआयएफ (म्हणजे विमा आणि बोटभाडं धरून) अशी किमान आयात किंमत आहे. त्याखालच्या भावाची मिरी आणता येत नाही, फक्त तेल काढून निर्यात करणाऱ्यांसारख्या काहींना सूट आहे. कोणी स्वस्त मिरीचा भाव दाखवला तर आधी हे आठवा. खसखशीचं प्रकरण थेट अफूशी जोडलेलं. जिथे अफूची शेती कायदेशीर आहे अशाच ठरावीक देशांतून ती आणता येते आणि सौद्याची नोंद ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडे करावी लागते. हे सगळं जमतं, पण पहिल्याच कंटेनरला नको.

साबूत मसाल्याला निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. काही मालाला त्याआधी आपल्याकडची आयात परवानगीही काढावी लागते. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाच्या परिशिष्टात तुमचा माल आणि तो देश कुठे बसतो ते बघून घ्या. इथे एक गैरसमज फार दिसतो. फायटो मिळालं म्हणजे माल खायला सुरक्षित, असं लोक धरून चालतात. ते प्रमाणपत्र किडी आणि वनस्पतींच्या रोगांपुरतं असतं. बुरशीचं विष, शिसं, कीटकनाशकांचे अंश यांच्याशी त्याचा संबंध नाही.

कोणत्या मसाल्यात काय खोट निघते

प्रयोगशाळेत सगळंच तपासायला दिलं तर बिल बघून डोळे फिरतील, आणि नको तिथे पैसे जातील. म्हणून आपल्या मालाची दुखरी जागा ओळखायची.

जायफळ, सुकी मिरची, आलं यांत पहिली भीती अफ्लाटॉक्सिनची. हे बुरशीने तयार केलेलं विष. भाजल्याने, दळल्याने ते जात नाही. भारतात मसाल्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात १०, आणि त्यातही बी-१ हा प्रकार ५ च्या वर चालत नाही. तुमचा तयार मसाला पुढे जर्मनीतल्या किंवा नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींच्या दुकानात जाणार असेल, तर कच्चा माल घेतानाच १० चा आकडा धरून घ्या. आपल्याकडे पास झालेलं जायफळ तिकडे नापास होऊ शकतं.

लवंगेत भेसळीपेक्षा चोरी जास्त, म्हणजे तेल काढून घेतलेली लवंग. मानकानुसार साबूत लवंगेत उडनशील तेल किमान १७ टक्के हवं. नमुना हातात आला की देठाला नख दाबून बघा. चांगल्या लवंगेला लगेच तेलाचा ओलसर डाग येतो आणि नखाला बराच वेळ वास राहतो. तेल काढलेली लवंग सुरकुतलेली, हलकी, पाण्यात टाकली तर आडवी तरंगते. काड्या आणि फुलोरा गळालेल्या बिनडोक्याच्या लवंगा किती, तेही मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरून मोजा.

चक्रीफुलाचं प्रकरण गंभीर आहे. आपण खातो त्या झाडाचा एक जपानी भाऊबंद विषारी असतो. त्यात अनिसाटिन नावाचं विष असतं, ते मज्जासंस्थेवर घाला घालतं आणि झटके येतात. अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला होता तो याच मिसळीच्या शंकेवरून. विषारी फळं सहसा लहान असतात, पाकळ्यांची टोकं चोचीसारखी वर वळलेली, आणि बडीशेपेसारखा गोड वास जवळपास नसतोच. पण निव्वळ डोळ्यांवर विसंबू नका. तुकडा माल असेल तर ओळखणं अशक्य. अखंड फुलांचाच माल घ्या आणि नमुन्याची प्रयोगशाळेत ओळख पटवून घ्या.

दालचिनीत जात स्पष्ट लिहून घ्यायची. आपल्या मानकांत तज आणि दालचिनी यांचे निकष वेगवेगळे आहेत. कागदावर एक आणि गोणीत दुसरं असेल तर बंदरात अडकणार. व्हिएतनामची जाड, तिखट साल म्हणजे तज. तिच्यात कुमारिन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला त्रास देणारं द्रव्य, भरपूर, श्रीलंकेच्या पातळ वळकटीत अगदी नावापुरतं. आणि पूड अजिबात मागवू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत शिसं सापडलं, ते आलं होतं त्यातल्या दालचिनीच्या पुडीतून. सालीत शिसं मिसळणं अवघड, पुडीत सोपं.

जायपत्रीत रामपत्री मिसळतात. रामपत्री आपल्याकडे मसाल्यात घालतातच, पण जायपत्रीच्या भावाने कशाला घ्यायची? जायपत्री जाळीदार, फिकट केशरी, चुरल्यावर भपकन वास येतो. रामपत्री गडद लाल आणि वासाला मवाळ.

हिंगात राळ. मानकानुसार हिंगात राळ किंवा इतर कुठलाही परका डिंक चालत नाही, स्टार्च १ टक्क्याच्या वर नको, अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क किमान २५ टक्के हवा. आपण घरी वापरतो तो 'बांधानी हिंग', म्हणजे हाथरससारख्या ठिकाणी कच्च्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळून बनवलेला. त्याचे निकष वेगळे. ऑर्डर देताना यातलं नक्की काय मागवताय ते स्पष्ट करा. पीठ गव्हाचं असेल तर पाकिटावर ते ठळक लिहावं लागतं, गव्हाचं वावडं असलेले लोक हिंगाच्या डबीवरचं लेबल वाचतात.

साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू मात्र कुठल्याही मसाल्यात असू शकतो. अंगणात वाळवलेला माल, वर पक्षी, खाली कोंबड्या, मग दुसरं काय होणार! २५ ग्रॅम नमुन्यात तो अजिबात सापडता कामा नये. तो मारण्यासाठी निर्यातदार काय करतो हे विचारणं तुमचं काम. वाफेची प्रक्रिया केली असेल तर उत्तम. इथिलीन ऑक्साइडचा वायू दिला असेल तर नको, कारण भारतात त्याला परवानगी नाही. गंमत अशी की अमेरिकेत मसाल्यासाठी हा वायू चालतो, किलोला ७ मिलिग्रॅमपर्यंत अंश मान्य आहे. त्यामुळे 'आम्ही अमेरिकेला माल देतो' हे ऐकून खूश होण्याऐवजी सरळ विचारा, की त्याच गोदामातला, त्याच प्रक्रियेचा माल मला देणार का? एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाले परत मागवायला लावले ते याच रसायनामुळे.

कीटकनाशकांबद्दल एकच लक्षात ठेवा. ८ एप्रिल २०२४ च्या आदेशाने एफएसएसएआयने, भारतात नोंदणीच नसलेल्या कीटकनाशकांसाठी मसाल्यांतली सरसकट मर्यादा किलोला ०.०१ वरून ०.१ मिलिग्रॅम केली. त्यावर टीकाही बरीच झाली. आयातदाराला हा आकडा जास्त लागू पडतो, कारण परदेशातल्या शेतात फवारलेली औषधं आपल्या यादीत नसण्याचीच शक्यता मोठी.

नमुना: इथे कंजूषी नको

निर्यातदार कुरिअरने पाठवतो तो पाव किलोचा नमुना वासासाठी आणि रंगासाठी ठीक. तो निवडून पाठवलेला असतो, हे गृहीत धरा. खरा नमुना काढायचा तो माल गोणीत भरून लॉट तयार झाल्यावर, तिथल्या एखाद्या त्रयस्थ तपासणी कंपनीकडून, बोटीत चढण्याआधी.

अफ्लाटॉक्सिन सगळ्या गोण्यांत सारखं पसरलेलं नसतं. एका गोणीतल्या चार जायफळांत ते ठासून भरलेलं असतं आणि बाकीच्या पन्नास गोण्या स्वच्छ. एका गोणीत परखी खुपसून काढलेल्या मूठभर मालाचा रिपोर्ट म्हणजे लॉटरी. युरोपच्या नियमांत १५ टनांवरच्या लॉटसाठी १०० ठिकाणांहून थोडा-थोडा काढून १० किलोंचा नमुना करायला सांगतात, तो सगळा दळून एकजीव करतात आणि मग तपासतात. तुमचा लॉट लहान असेल तर इतकं नको. पण प्रत्येक थरातल्या, मधल्या आणि कोपऱ्यातल्या गोण्या आल्याच पाहिजेत, आणि तपासणीआधी सगळा नमुना एकत्र दळला पाहिजे.

रिपोर्ट आला की 'पास' हा शब्द बघून मिटवू नका. लॉट नंबर तुमच्या गोण्यांवरचाच आहे का? मर्यादा कुठल्या देशाच्या लावल्यात? आणि इथिलीन ऑक्साइडच्या ओळीत नुसतं तेवढंच तपासलंय, की २-क्लोरोइथेनॉल धरून बेरीज दिलीये? हा वायू मालातून लवकर उडून जातो किंवा त्याचं क्लोरोइथेनॉल होतं. बेरीज नसलेला रिपोर्ट जवळपास नेहमीच स्वच्छ दिसतो. ही एक ओळ बघितली तरी समोरचा निर्यातदार कितपत सरळ आहे ते कळतं.

आता हे सगळं करारात उतरवा. माल भारतीय मानकांत बसला पाहिजे, कुठल्या चाचण्या, कोणाची प्रयोगशाळा, आणि भारतात नापास झाला तर परत नेण्याचा किंवा नष्ट करण्याचा खर्च कोणाचा. लेटर ऑफ क्रेडिटने पैसे देणार असाल तर त्रयस्थ तपासणीचा रिपोर्ट हा त्यातल्या आवश्यक कागदांपैकी एक करून टाका. तो नसेल तर बँक पैसे सोडत नाही. आगाऊ शंभर टक्के पैसे मागणाऱ्याला पहिल्या व्यवहारात हात जोडावेत.

कंटेनरमधला पाऊस

कोरडा माल भरून निघतो आणि इथे भिजलेला उतरतो, हे खोटं वाटेल पण होतं. दमट देशात भरलेल्या कंटेनरमध्ये गोण्यांतला आणि हवेतला ओलावा अडकलेला असतो. रात्री पत्रा गार पडला की तो छताला दवासारखा धरतो आणि थेंब-थेंब वरच्या गोण्यांवर पडतो. इथे दार उघडल्यावर मसाल्याच्या वासाआधी कुबट वास आला, तर पहिल्यांदा सगळ्यात वरचा थर बघायचा. ताग काळपट, हाताला गार लागतो, आतली लवंग किंवा साल एकमेकांना चिकटलेली, मधे पांढुरकी लव.

यावर उपाय स्वस्त आहेत. माल पुरेसा वाळलेला असावा, ओलाव्याचा आकडा करारात असावा. कंटेनरला आतून जाड क्राफ्ट कागद लावायला सांगा, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या छताला टांगायला सांगा, लाकडी फळी ओली नको. आणि भरताना फोटो मागा: रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, दार बंद करून सील लावलेला. हे मागताना संकोच करू नका, चांगले निर्यातदार न मागता पाठवतात.

न्हावा-शेवाला काय होतं

एजंट आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं विवरण, भरतो. एक खिडकी पद्धतीत तीच माहिती एफएसएसएआयकडे जाते आणि अन्न तपासणीसाठी निवडलेला माल त्यांच्या आयात प्रणालीत उघडतो. मग कागदांची छाननी, शंका असल्यास प्रश्न, फी, आणि तपासणीची तारीख. बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल बोटीत चढल्याची पावती), मूळ देशाचा दाखला, फायटो, विश्लेषण अहवाल या सगळ्यांवर मालाचं नाव, वजन आणि लॉट अक्षर-अक्षर सारखं असलं पाहिजे. दिवस जातात ते बहुतेक इथल्या विसंगतींत.

अधिकारी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, कंटेनर उघडून आधी नजरेने बघतो: कीड, ओल, फाटक्या गोण्या, लेबल, शिल्लक मुदत. नियम असा, की मालाच्या एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यांतलं जे कमी असेल तितकी मुदत शिल्लक हवी. इथेच नापास झालं तर पुढे नमुनाही काढत नाहीत. लेबलातल्या मोजक्याच चुका इथे स्टिकर लावून सुधारता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह. तारीख, लॉट नंबर, घटक यांना इथे हात लावता येत नाही. ते तिकडूनच छापून आलं पाहिजे.

पास झाल्यास नमुन्याचे दोन भाग होतात. एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात. प्रयोगशाळेला पाच दिवस मिळतात. हे पाच दिवस, अधल्यामधल्या सुट्ट्या आणि वरचे प्रश्नोत्तरांचे दिवस धरून सीएफएसचं भाडं आणि कंटेनरचं डिटेन्शन, म्हणजे तो उशिरा परत केल्याबद्दलचा आकार, मोजा. शिपिंग लाइनशी बुकिंगच्या वेळीच जास्त फ्री दिवस मागून घ्यायचे, नंतर कोणी देत नाही. लांबणार असं दिसलं तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली माल गोदामात हलवायची परवानगी मागता येते. एजंट स्वतःहून सुचवेलच असं नाही, तुम्ही विचारा.

एनओसी (ना-हरकत दाखला) आली की माल तुमचा. एनसीआर आली, म्हणजे नापासाचा अहवाल आला, तर राखीव नमुना रेफरल प्रयोगशाळेत तपासून घेण्यासाठी मुदतीत अर्ज करता येतो. करावा का? तुमच्याकडे बोटीआधीचा भक्कम रिपोर्ट असेल आणि आकडा मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर करा. अफ्लाटॉक्सिन दुपटीने जास्त निघालं असेल तर त्या फीच्या पैशांत परत पाठवण्याची तयारी करा. तिथेही नापास झालं, की परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढंच उरतं.

कोणी सांगेल, वाशीला विकिरण केंद्र आहे, तिथून काढू. अणुऊर्जा विभागाच्या 'ब्रिट' या संस्थेचं ते केंद्र २००० सालापासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतं आणि जिवाणू मारण्याचं काम चोख करतं. पण अफ्लाटॉक्सिन, शिसं, कीटकनाशक यांवर किरणांचा इलाज नाही, आणि प्रक्रिया केलेल्या मालाच्या पाकिटावर तसं चिन्हासह छापावं लागतं.

गोदामात आल्यावर

पावसाळ्यात नवी मुंबईतल्या गोदामात गोण्या भिंतीला टेकवून ठेवल्या तर बंदरातून सुखरूप आलेला माल महिन्याभरात बुरसतो. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, जमलं तर जून ते सप्टेंबर शीतगृहात. प्रत्येक लॉटचा अर्धा किलो नमुना तारीख लिहून, सीलबंद करून मुदत संपेपर्यंत ठेवा. कुठल्या लॉटमधली कुठली गोणी कोणाला गेली, याची वही ठेवा. एखादा लॉट परत मागवायची वेळ आली तर ती वहीच कामाला येते. आणि एफएसएसएआयचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला की दिवसाला १०० रुपये दंड लागतो.